पाहुण्यांची पाटोडी

दोन हजार चारच्या सुमारास वर्ध्यात कुणी आपण प्रॉडक्ट मॅनेजर आहोत असं सांगितलं, की लोक अदबीने खुर्ची पुढे करत आणि मग हळूच विचारत, "म्हणजे नेमकं करता काय?" विचारणाऱ्याचा काही दोष नव्हता. ज्यांच्या कार्डावर ते छापलेलं असे, त्यांनाही ते धड सांगता येत नसे. कारखान्यात एखादी वस्तू निघते. ती कशी असावी, कुणासाठी असावी, विकायची कितीला आणि बिघडली तर शिव्या कुणी खायच्या, या सगळ्याचा धनी म्हणजे प्रॉडक्ट मॅनेजर. त्यातलं शिव्या खायचं काम तेवढं प्रत्येकाला पक्कं समजलेलं होतं.

अशा शिव्या खाणाऱ्यांना एका सतरंजीवर बसवायचं सुलोचनाबाईंनी मनावर घेतलं. पुण्याच्या एका साबण कंपनीत त्यांची सगळी नोकरी याच कामात गेली होती. लग्न केलं नव्हतं, पाश नव्हते. मुदतीआधीच निवृत्ती घेऊन त्या आपल्या गावाकडे परतल्या आणि वर्ध्याला लागून असलेल्या नालवाडीत दोन खोल्यांचं घर बांधून राहिल्या. पुण्यात पगार बरा होता, मानही होता, पण ज्याच्यासमोर 'मला हे कळत नाहीये' असं निर्धास्तपणे म्हणता येईल असा एकही माणूस तिथे त्यांना कधी भेटला नाही. ही सल त्यांच्या मनात घर करून होती.

म्हणून महिन्याच्या शेवटच्या रविवारी बैठक भरायची, पाळीपाळीने एकेकाच्या घरी. पुलगावहून प्रभाकरराव यायचे, त्यांच्याकडे टॉवेल-पंच्यांचं काम. नत्थूजी फवारणीच्या पंपांचे आणि मयुरी अगरबत्तीची. आणखी दोघं-तिघं आपल्या सवडीने. नियम एकच होता: ज्याची अडचण आहे त्याने ती मांडायची आणि बाकीच्यांनी आधी फक्त प्रश्न विचारायचे. सल्ला देण्याची आपल्या लोकांना केवढी हौस असते ते काय सांगावं. पहिले काही महिने नत्थूजींना तो नियम पाळताना अक्षरशः घाम फुटायचा.

खरी गोष्ट अशी की, तो सुलोचनाबाईंनाही फुटायचा. त्या फक्त दाखवत नसत.

या मंडळीत सगळ्यात लहान होती वर्षाली. आष्टीकडच्या शेतकरी घरातली मुलगी, आईला घेऊन नालवाडीतच भाड्याने राहायची. महादेवरावांच्या मसाल्याच्या कारखान्यात ती बिलं फाडायला लागली होती आणि तिची समज बघून महादेवरावांनी तिच्या हाती एक नवा माल दिला होता, पाटोडी मिक्स. बेसनाचं घट्ट पीठ शिजवून ताटात थापायचं, वड्या पाडायच्या आणि झणझणीत रश्श्यात सोडायच्या, ही आपली नेहमीची पाटोडी. तिचं पीठ आणि रश्श्याचा मसाला एका पुड्यात द्यायचा, पाणी घातलं की झालं, अशी कल्पना. महादेवरावांनी देताना बजावलं होतं, "दसऱ्याले माल दुकानात लागला पाह्यजे. चालली तर पाटोडी तुयी. नाई चालली तर तू आपली बिलिंगवर."

वर्षालीला बिलिंगवर परत जायचं नव्हतं. त्या टेबलाशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला 'सुट्टे द्या' एवढंच म्हणण्यात तिची तीन वर्षं गेली होती. दर बुधवारी संध्याकाळी ती सुलोचनाबाईंकडे यायची, ओसरीवर मांडी घालून बसायची आणि आठवडाभराचं सगळं ओतायची. सुलोचनाबाई फक्त विचारायच्या, "मग तुला काय वाटतं?" उत्तर त्यांच्या जिभेवर तयार असायचं. ते गिळायला त्या पाण्याचा घोट घ्यायच्या, आणि एखाद्या बुधवारी अख्खा तांब्या रिकामा व्हायचा.

पाटोडीचं घोडं मात्र अडलं होतं. कारखान्यात करून पाहिली की कधी वड्या छान पडायच्या, कधी रश्श्यात गेल्या की विरघळून त्यांचं पिठलं व्हायचं. वर्षालीने पिठाचं प्रमाण पुन्हा बदललं आणि ठरवलं, की या खेपेची परीक्षा बैठकीतच घ्यायची. पाळी तिच्याच घरची होती. धीर करून तिने महादेवरावांनाही बोलावलं.

रविवारी सगळे जमले. वर्षालीने पुडे आईच्या हाती दिले आणि स्वतः बाहेर पाहुण्यांत बसली. तिची आई शकुबाई आत चुलीशी. थोड्या वेळाने ताटं आली आणि पहिल्या घासालाच प्रभाकररावांनी मान डोलावली. वड्या कशा, काठ धरून उभ्या. रस्सा असा, की नत्थूजींच्या नाकाला पाणी सुटलं तरी त्यांचा हात थांबेना. महादेवराव तर जेवणाच्या बाबतीत भारी चिकित्सक माणूस, पण त्यांनीही मागून मागून वाढून घेतली. हात धुताना म्हणाले, "पोरी, मानलं तुले. उद्याच नागपूरले पुडे छापायले सांगतो."

वर्षालीच्या डोळ्यांत पाणी आलं. सुलोचनाबाईंच्याही आलं, आणि त्यांनी त्याचं खापर रश्श्यावर फोडलं.

त्यानंतरच्या मंगळवारची गोष्ट. सुलोचनाबाईंना स्वयंपाकाचा कंटाळा आला होता. एकट्या बाईसाठी कोण वाटण-घाटण करतं? वर्षालीने ठेवायला दिलेल्या पुड्यांतला एक त्यांनी फोडला, मागे लिहिल्याप्रमाणे पाणी घातलं, शिजवलं, थापलं, वड्या पाडल्या आणि रश्श्यात सोडल्या. चमच्याने ढवळायला गेल्या तर वडी नावाची गोष्ट पातेल्यात उरलीच नव्हती.

सुलोचनाबाईंचा हात स्वयंपाकात यथातथाच होता आणि त्या हे कुणापासून लपवत नसत. त्यांनी आपलंच काही चुकलं असेल असं धरून दुसरा पुडा फोडला. त्याचंही पिठलं झालं. मग त्या सरळ पातेलं झाकून शकुबाईंकडे निघाल्या. एका सुगरणीला विचारण्यात कसली आलीय लाज, असा त्यांचा साधा हिशेब होता.

शकुबाई अंगणात तूर पाखडत होत्या. त्यांनी पातेल्यात डोकावून बघितलं आणि पदर तोंडाशी नेऊन हसल्या.

"हे पुड्यातलं केलं काय तुमी, बाई?"

"हो. रविवारी तुम्ही केलं होतं तेच."

"रविवारी?" शकुबाईंनी सूप बाजूला ठेवलं. "रविवारी कुठं पुड्यातलं होतं? वर्षाली त पुडे देऊन बाहेर जाऊन बसली. मी म्हटलं, एवढी मोठी मोठी माणसं पहिल्यांदा घरी आली, तिचे शेठजी आले, अन् त्यायले पुड्यातलं वाढू? लोक काय म्हणतीन? घरचं बेसन होतं, घरचं तिखट होतं. पुडे ते तसेच ठेवले फळीवर."

सुलोचनाबाई चपला काढून ओट्यावर बसल्या. शकुबाईंना त्यात काही चुकलं असेल अशी शंकासुद्धा नव्हती, आणि खरं सांगायचं तर कुणाला आली असती? आलेल्या माणसासमोर आपल्या घरातलं सगळ्यात चांगलं ठेवायचं, एवढंच त्यांना माहीत होतं. त्यांनी तेच केलं होतं, आणि त्यापायी अख्ख्या बैठकीने शकुबाईंच्या हातच्या पाटोडीला वर्षालीचा माल म्हणून पास केलं होतं.

तेवढ्यात फाटक वाजलं आणि वर्षालीच आली. नागपूरला छपाईला गेलेल्या पुड्याचा नमुना तिच्या हातात होता, त्यावर पंगतीला बसलेलं अख्खं कुटुंब; बाईंना बघून तिने तो लांबूनच उंच धरला. मग तिला पातेलं दिसलं. शकुबाईंनी आधी सांगितलेलं सगळं पुन्हा सांगितलं, तितक्याच भोळेपणाने.

वर्षालीने हातातला नमुना ओट्यावर पालथा ठेवला. मग म्हणाली, "आई, मायी नोकरी घालवली तू."

"तुयी इज्जत राखली मी," शकुबाई म्हणाल्या. "पुड्यातलं वाढलं असतं न, त हे असं पिठलं आलं असतं ताटात. मंग?"

"त मंग रविवारीच समजलं असतं न मले."

शकुबाई आत गेल्या आणि उगाचच भांडी इकडची तिकडे करू लागल्या. वर्षाली सुलोचनाबाईंकडे वळली. "मॅडम, तुमी सांगा न शेठजीले. तुमचं ऐकतेत ते. मी सांगितलं त म्हणतीन, मले घरी बोलावून फसवलं."

सुलोचनाबाईंनी चपला घातल्याच होत्या. महादेवरावांकडे जायचं, दोन वाक्यं बोलायची, छपाई थांबवायची. त्यांच्या दृष्टीने अर्ध्या तासाचं काम. शिवाय पुढे काय करायचं तेही त्यांच्या डोक्यात तयार होतं. वर्ध्यात कॉलेजं आहेत, होस्टेलं आहेत, पिठाची बांधणी घट्ट करून माल तिकडे वळवायचा. पण वर्षालीचा चेहरा बघता बघता त्यांना दिसलं, की आपण हे केलं की उद्यापासून महादेवराव पाटोडीचं काहीही असलं तरी आपल्याच दारात येणार. वर्षाली नावापुरती मॅनेजर राहील, खुर्ची तेवढी बिलिंगची नसेल.

"मी सांगितलं," त्यांनी विचारलं, "तर त्यानंतर पाटोडीचं काही असलं की शेठजी कुणाला विचारतील?"

वर्षालीला प्रश्न कळला, आणि म्हणूनच तिला राग आला. "मॅडम, घर पेटलं असताना तुमी प्रश्न काऊन विचारून राह्यल्या?" ती म्हणाली आणि आत निघून गेली.

सुलोचनाबाई आपलं पातेलं घेऊन घरी आल्या. त्यांना फार वाईट वाटलं. पोरगी बुडत असताना आपण काठावर उभं राहून तिला पोहण्याचे नियम सांगतोय की काय, असं त्यांना वाटत राहिलं. एकदा तर त्या पुन्हा उठून चपलांपर्यंत गेल्या. मग मुकाट्याने ओसरीवर येऊन बसल्या. बुधवारी वर्षाली आली नाही.

शुक्रवारी मात्र नत्थूजींचा फोन आला. "बाई, उद्या बैठक हाय म्हणते वर्षाली. तुमच्या घरी. तुमाले सांगितलं नाई काय तिनं?" सांगितलं नव्हतं, आणि आपल्या ओसरीवर आपल्याला न विचारता बैठक बोलावल्याचा सुलोचनाबाईंना इतका आनंद झाला, की त्यांनी लगेच सतरंजी उन्हात टाकली.

शनिवारी वर्षाली आली ती कुणाकडेही न बघता बसली आणि झालेलं सगळं तिने सांगून टाकलं. आईवर तिने काहीच ढकललं नाही. शेवटी म्हणाली, "तुमी सगळ्यायनं पास केलं ते मायं प्रॉडक्ट नव्हतंच. आता हसा."

कुणी हसलं नाही. प्रभाकरराव टोपी काढून मांडीवर फिरवत बसले होते. नियम प्रश्न विचारण्याचा होता, पण त्यांनी भलतंच सांगितलं.

"आमच्या घरी पाव्हणा आला न," ते म्हणाले, "का त्याले आंघोळीले टॉवेल देतेत तो सोलापूरचा असते. आमचा नाई. आमचा आमी घरचे वापरतो. मी कवा विचारच नाई केला, का असं काऊन."

मग मयुरीने हळूच तोंड उघडलं. तिच्या सासूबाई देवापुढे अजून दुसऱ्याच कंपनीची अगरबत्ती लावत, आणि मयुरीची स्वतःची अगरबत्ती गोठ्यात जळत असे, माश्या पळवायला. नत्थूजींनी बराच वेळ तग धरला. शेवटी त्यांनाही कबूल करावं लागलं, की त्यांच्या वडिलांनी कपाशीच्या फवारणीला पंप शेजाऱ्याचा मागून आणला होता, कारण म्हणे पोराचा पंप नवा आहे, खराब कशाला करायचा.

आता मात्र हसणं फुटलं, आणि त्यात वर्षालीचंही होतं. प्रत्येकाच्या घरात आपल्याच मालाची एक जागा ठरलेली होती, आणि ती पाहुण्यांपासून लांबची होती. इतके महिने एकमेकांच्या घरी जेवून, चहा पिऊन, एकमेकांचा माल वाखाणून हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. पाहुण्याच्या ताटात वाढलेलं खाऊन पाहुणा दुसरं काय म्हणणार?

"शेठजीले कोण सांगते?" नत्थूजींनी विचारलं.

"मी," वर्षाली म्हणाली. "मॅडम, तुमी संग या. बोलू नोका फक्त."

सोमवारी दोघी गेल्या. महादेवरावांचं दुकान पुढे, कारखाना मागे, आणि घर वरच्या मजल्यावर. ते गादीवर बसून छपाईचाच फोन करत होते. वर्षालीने त्यांचं बोलणं होऊ दिलं आणि मग उभ्यानेच सांगितलं.

महादेवरावांचा चेहरा आधी पडला, मग लाल झाला. "म्हणजे मी मागू मागू खाल्ली ते तुया मायच्या हातची? अन् त्याच्यावर मी पुडे छापायले लावले? लोकायले समजलं त हसतीन मले. घरी जेवायले बोलावून असं करतेत काय कोणी?"

"आईची चूक नाई, शेठजी. तिनं पाव्हण्यायले वाढलं. माल माया होता, मी चुलीपाशी उभं राह्यलं पाह्यजे होतं. मी बाहेर तुमच्यात बसली, कौतुक ऐकाले." तिने छपाईचा नमुना त्यांच्यापुढे ठेवला. "छपाई थांबवा. दसऱ्याले माल लावला त बाया एकदा घेतीन, पुन्हा तुमचा मसालाबी नाई घेणार."

महादेवराव तिच्याकडे बघेनात. ते सुलोचनाबाईंकडे वळले. "मॅडम, तुमी सांगा बावा. तुमी पुण्याच्या. काय करायचं आता?"

होस्टेलं, कॉलेजं, सगळं सुलोचनाबाईंच्या ओठांवर आलं होतं. इथे पाण्याचा तांब्याही नव्हता. त्यांनी हातातल्या पिशवीचा बंद करकचून धरला आणि वर्षालीकडे बघत राहिल्या. गप्प बसणं इतकं जड असतं हे त्यांनी बैठकीत इतरांना शिकवलं होतं, पण ते असं छातीत दुखेपर्यंत जड असतं हे त्यांना त्या दिवशी कळलं.

त्या शांततेत वच्छलाबाई चहा घेऊन खाली आल्या. महादेवरावांच्या पत्नी, मसाल्याच्या पुड्यावर ज्यांचं नाव आणि फोटो असायचा त्या ह्याच. जिन्यात त्यांनी सगळं ऐकलं होतं. कप ठेवता ठेवता नवऱ्याला म्हणाल्या, "त्या माउलीवर काऊन चिडता? आपल्या घरी तरी पाव्हण्यायच्या भाजीत कुठं पुड्यातला मसाला पडते? मी वाटूनच घालतो."

ज्या मसाल्यावर महादेवरावांनी घर बांधलं होतं तो त्यांच्याच पाहुण्यांच्या पानात कधी पडला नव्हता, आणि हे त्यांना आज समजत होतं. एखाद्याने इथे हसून विषय संपवला असता. वर्षालीने संपवला नाही. तिने वच्छलाबाईंच्या हातून कप घेतला आणि विचारलं, "मंग काकू, तुमी पुडा फोडता कवा?"

सुलोचनाबाईंनी पिशवीचा बंद सोडला.

वच्छलाबाईंना असं कुणी विचारलं नव्हतं. त्या विचार करत म्हणाल्या, "हे गावाले गेले, पोरं बाहेर असली, का फोडतो एखांदा. एकटीसाठी कोण वाटत बसते, माय? अन् एकटं असलं न, का चव लागतच नाई कशाची. तवा थोडं तिखट पाह्यजे जिभेले."

वर्षालीने कप तसाच खाली ठेवला. "शेठजी," ती सावकाश म्हणाली, "आपण पुड्यावर अख्खं कुटुंब पंगतीले बसवलं. हा माल पंगतीचा नाईच. एकट्या माणसाचा हाय. एका माणसाचा पुडा करू, लहान. अन् असा, का ज्याले काहीच येत नाई त्याचीबी वडी फुटली नाई पाह्यजे. मी आईकडून नाई करून घेणार आता. ज्यायले येत नाई त्यायच्या घरी जाईन, त्यायच्यापाशी उभी राहीन, अन् हात नाई लावणार."

सुलोचनाबाईंच्या डोक्यात होस्टेलं होती. म्हाताऱ्या, विधवा, बदलीवर आलेले कारकून, नवरा गावाला गेलेल्या बाया आणि निवृत्त होऊन दोन खोल्यांत राहणारी माणसं त्यांना सुचली नव्हती. स्वतः तसा पुडा फोडलेला असून सुचली नव्हती.

महादेवरावांनी चहा संपवला. मग फोन उचलून नागपूरला छपाई थांबवायला सांगितलं. "दसरा गेला मंग," ते फोन ठेवत म्हणाले. त्यांच्या आवाजात राग होता, पण ते आता वर्षालीकडे बघून बोलत होते. "किती दिवस लागतीन तुले?"

"संक्रांत."

"बिलिंगवर कोणाले बसवायचं तेवढं सांग मले. तुया जागी बसवलं ते पोट्टं चुका करून राह्यलं."

"ते मायं काम नाई, शेठजी," वर्षाली म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर स्वतःच दचकली. महादेवरावांनी गादीवर थोडं सरकून जागा केली. ती बसली, आणि दोघं पुड्याच्या वजनावरून वाद घालू लागली.

सुलोचनाबाई निघाल्या. त्या उठल्या हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. वर्षालीने मान वर केली नाही, निरोप घेतला नाही, येत्या बुधवारचं काही विचारलं नाही. वच्छलाबाई तेवढ्या दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "बाई, पोरीचं ध्यान नाई, वाईट नोका मानू."

"नाही हो," सुलोचनाबाई म्हणाल्या. पण त्यांना वाईट वाटलं होतं, थोडंसं, आणि त्यापेक्षा कितीतरी जास्त आनंद झाला होता. हे दोन्ही एकाच वेळी सांभाळणं रस्त्यात उभं राहून जमेना. त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा घातला आणि नालवाडीच्या ऑटोला हात केला.